पापडांवरचं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचनकट्ट्यावर रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ ही २०२० सालची इंग्रजी कादंबरी सगळ्यांनी डोक्यावर घेतली. प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी मात्र साठेक पानांवर मिटून ठेवली. त्यांचं म्हणणं, “खून झालाय आणि ही म्हातारी माणसं केकवर बोलतायत. हसू येतं, नाही असं नाही. पण धडधड कुठे आहे? विनोदी लिहायचं तर विनोदी लिहा, थरारक लिहायचं तर थरारक. ही मिसळ लोकांना का आवडते?”

ताई, पंचवीसेक वर्षं मी रहस्यकथांची हस्तलिखितं तपासतोय, अधूनमधून अनुवादही करतो. सुरुवातीची काही वर्षं माझंही मत तुमच्यासारखंच होतं. ते कसं बदललं ते आधी सांगतो, कारण त्यात माझी चांगलीच फजिती झाली होती.

एक हस्तलिखित आलं होतं. पुण्यातली जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त बँक अधिकारी घरात मेलेले सापडतात. मंगळवारी संध्याकाळी दार फोडलं जातं, आणि मृत्यू सोमवारी रात्रीचा असं डॉक्टर सांगतात. मग एक हवालदार शेजारपाजाऱ्यांचे जबाब घेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे येतो. काकूंना मृताबद्दल दुःख आहे, पण त्याहून जास्त दुःख पापडांचं आहे. अकरा वर्षं सांगतेय, कुंड्यांखाली बशा ठेवा म्हणून. आज सकाळी नऊला गॅलरीत पापड घातले, साडेनऊला वरून धार! आणि मग काकू म्हणतात, “माणूस मेला, पण मेल्याची खोड गेली नाही!” हवालदार बिचारा नवा आहे. तो विचारतो, पापड उडदाचे की पोह्याचे? आणि शांतपणे लिहून घेतो: “पोह्याचे पापड, नग चाळीस, ओले.”

दीड पानाचा प्रसंग होता. मी हसलो आणि समासात लाल शाईने लिहिलं: ‘पाल्हाळ. कथा पुढे सरकत नाही. काढावे.’ लेखक पहिलटकर, भिडस्त. त्यांनी काढला.

दुसऱ्या प्रुफाच्या वेळी मुद्रितशोधक बाईंचा फोन आला. “सर, शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर म्हणतात, पापडांनी खुनी पकडून दिला. पापड कुठले?”

तुमच्या लक्षात आलंच असेल. गृहस्थ सोमवारी रात्री गेलेले. मग मंगळवारी सकाळी साडेनऊला त्यांच्या कुंड्यांना पाणी कोणी घातलं? म्हणजे बंद दाराआड कोणीतरी होतं, त्याच्याकडे किल्ली होती, आणि झाडं वाळलेली त्याला बघवत नव्हती. सबंध कादंबरीचा आधारखांब त्या दीड पानात होता आणि मी तोच पाल्हाळ म्हणून पाडला होता. प्रसंग परत घालायला पुढची सगळी पानं सरकवावी लागली. प्रकाशकांनी मानधन कापलं नाही, पण काही महिने चहा विचारला नाही.

हाच धागा विनोदाशिवाय लिहून बघा. ‘इन्स्पेक्टरने गॅलरीत नजर टाकली. कुंड्यांमधली माती ओली होती.’ झालं. रहस्यकथा वाचणारा कुठलाही वाचक इथे पेन्सिलीने खूण करतो. ओली माती म्हणजे धागादोरा, हे त्याला दिव्याखाली धरून दाखवल्यासारखं दिसतं. काकूंच्या तोंडून तोच धागा त्याच्या नाकासमोरून गेला, हवालदाराने तो सरकारी भाषेत नोंदवूनही घेतला, आणि तरी कोणी पाहिला नाही. कारण वाचक हसला. हसलं की त्या वाक्याचा हिशेब मिटला असं डोक्याला वाटतं. वाक्याचं काम मला हसवण्याचं होतं, ते झालं, पुढे चला. मीही तेच केलं, आणि मला तर हिशेब तपासण्याचेच पैसे मिळत होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: चांगल्या विनोदी रहस्यकादंबरीत हसू हे रहस्यावर भुरभुरलेलं खोबरं-कोथिंबीर नसतं. लपवालपवीचं निम्मं काम तेच करत असतं. तुम्ही जिथे जिथे हसलात, तिथे तिथे लेखकाला तुमच्या खिशात हात घालायची संधी मिळाली. वाचकाला हे शेवटी कळतं, आणि मग त्याला जो आनंद होतो तो दुहेरी असतो. आपण फसलो, आणि फसताना मजेत होतो.

आता ऑस्मनकडे येतो. शेवट सांगणार नाही, घाबरू नका.

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात कूपर्स चेस नावाची निवृत्तांची वसाहत, पूर्वीच्या एका कॉन्व्हेंटच्या जागेवर उभी राहिलेली. (लेखकाला ही कल्पना आपली आई राहते तशी वसाहत पाहून सुचली.) तिथली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जिगसॉ रूममध्ये जमून जुने, न सुटलेले खून सोडवत बसतात. एलिझाबेथ पूर्वाश्रमीची गुप्तहेर, जॉइस नर्स, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी. खोलीचं आरक्षण त्यांनी ‘जपानी ऑपेरा: एक चर्चा’ या नावाने केलेलं असतं, म्हणजे चुकूनही कोणी आत डोकावणार नाही.

जॉइस आपल्या रोजनिशीत सांगते की ती जेवत होती आणि तो दिवस सोमवारच असणार, कारण पानात शेफर्ड्स पाय (खिमा-बटाट्याचा इंग्रजी पदार्थ) होता. एलिझाबेथ शेजारी येऊन बसते आणि म्हणते, तू जेवते आहेस हे दिसतंय मला, पण गैरसोय होणार नसेल तर सुरीच्या जखमांबद्दल एक विचारायचं होतं. जॉइसला काही गैरसोय नसते. सुरीच्या जखमेचा विषय ती खिम्याच्या घासासोबत पुढे नेते.

तुम्हाला इथे फक्त गंमत दिसली असेल. मला धंद्याच्या सवयीने आणखी काय दिसतं ते सांगतो. पहिलं, आठवड्याचा वार कुठला हे जॉइस पदार्थावरून ठरवते. म्हणजे ती निरीक्षण करणारी बाई आहे, पण निरीक्षण करतेय हे तिलाच माहीत नाही. दुसरं, एलिझाबेथची आदब. मढ्याबद्दल विचारायचं आहे, पण शिष्टाचार मोडायचा नाही. ही बाई कुणाकडूनही काहीही काढून घेईल आणि वर समोरचाच आभार मानेल, एवढं आपल्याला एका वाक्यात कळलं. तिसरं, दोघींना रक्ताची भीती नाही. दोन म्हाताऱ्या जेवतायत, आणि त्या वसाहतीतल्या सगळ्यात धोकादायक व्यक्ती त्याच आहेत. ‘एलिझाबेथ अत्यंत हुशार होती’ असं लिहून यातलं काहीही साधलं नसतं.

पुढे एक प्रसंग येतो, बहुधा तुम्ही मिटलंत त्याच्या नंतर. वसाहतीतल्या जुन्या दफनभूमीत पूर्वीच्या कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींच्या कबरी आहेत. त्या हलवून तिथे नवं बांधकाम करायचा घाट बिल्डरने घातलाय. ते थांबवायला म्हातारेकोतारे रस्ता अडवून बसतात. खुर्च्या मांडून, सहलीला आल्यासारखे. आपण सगळी गंमत बघत असतो, थोडी ढकलाढकली होते, आणि त्यानंतर काही मिनिटांत एक माणूस कोसळून मरतो. सगळ्यांच्या देखत. पोलिसांच्याही देखत. कोणी काही पाहिलेलं नाही, कारण सगळे जत्रा बघत होते. आपणही. माझ्या हस्तलिखितातले ओले पापड आणि ऑस्मनच्या या खुर्च्या एकाच जातीच्या. तुमची धडधड इथे आहे, ताई. ती आधी मिळत नाही, मागून येते. आपल्या डोळ्यांसमोर झालं आणि आपण तेव्हा खदखदत होतो, हे कळल्यावर पोटात जो गोळा येतो, तो काळ्याकुट्ट रात्री दार करकरल्यावर येत नाही.

हे काही ऑस्मनने शोधलेलं नाही. इंग्रज लेखक ए. ए. मिल्न हे ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात सहसंपादक होते, आणि विनी द पू या त्यांच्या अस्वलाचं पुस्तक यायच्या चार वर्षं आधी, १९२२ मध्ये, त्यांनी बंद खोलीतल्या खुनाची एक हसरी कादंबरी लिहिली होती. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुप्त वाट एकाहून जास्त नको, जुळी भावंडं आधी सांगितल्याशिवाय नकोत, वगैरे. ते नियम लोक पाटीवर लिहून ठेवतात, पण वाचताना लेखकाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे हे विसरतात.

मला या सगळ्यात सगळ्यात उद्बोधक वाटते ती डोनाल्ड वेस्टलेक यांची गोष्ट. हे अमेरिकन लेखक रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने पार्कर नावाच्या अत्यंत थंड, निर्दय चोराच्या कादंबऱ्या लिहीत. एकदा त्यांनी कल्पना केली की पार्करला तीच वस्तू पुन्हा पुन्हा चोरावी लागते. लिहायला बसले तर गोष्ट विनोदी व्हायला लागली. पार्करसारख्या माणसाची अशी फजिती शोभेना. मग त्यांनी नायक बदलला, डॉर्टमंडर नावाचा कायम पडेल चेहऱ्याचा, नशिबाने गांजलेला चोर आणला, आणि १९७० मध्ये ‘द हॉट रॉक’ आली. पाचू एकच, दरोडे अनेक. विशेष बघा, कट तसाच काटेकोर राहिला. कुलपं, पहारे, वेळा, पळायची गाडी, सगळं पार्करच्याच तोलामोलाचं. एकच गोष्ट बदलली: बेत फसला की पार्कर गोळी घालतो आणि डॉर्टमंडर सुस्कारा टाकतो. म्हणजे यंत्र तेच. वाचकाला एक अपेक्षा करायला लावायची आणि नेमक्या क्षणी पायाखालची सतरंजी ओढायची. सतरंजीखाली खड्डा निघाला तर थरार, केळीचं साल निघालं तर विनोद.

आणि आपण मराठी वाचक यात नवखे आहोत असंही नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काय होता? फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, सायकल, ‘ट्टॉक्’, आणि मागे खरेखुरे गुंड. हसत हसत जीव मुठीत धरायची सवय आपल्याला नवव्या-दहाव्या वर्षीच लागली. मोठेपणी मात्र आपण रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळापहाड अशी गंभीर खूणगाठ बांधली.

सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा मराठीतही वाचला जातो, त्यातले जटायू आठवा. म्हणजे त्या टोपणनावाने रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू, ज्यांच्या पुस्तकातल्या चुका खरा गुप्तहेर सुधारतो. ‘सोनार केल्ला’त राजस्थानात टायर फुटतात, गाडी अडते, आगगाडी तर गाठायचीच आहे, म्हणून मंडळी उंटावर बसतात. जटायूंची उंटावरची अवस्था वाचून हसू आवरत नाही. पण ते टायर कोणीतरी मुद्दाम फोडले आहेत आणि ते लोक पुढे गेले आहेत. हसण्याने घाई कमी होत नाही, उलट वाढते, कारण उंट काही आपल्या धाकात नाही. मी नवीन लेखकांना हा प्रसंग वाचायला सांगतो. विनोद थरार थांबवून करायचा नसतो, पळता पळता करायचा असतो.

आता भाषेबद्दल, कारण अनुवाद करताना माझे सगळ्यात जास्त केस याच पायी पांढरे झाले. इंग्रजी विनोदी वाक्यात बहुधा शेवटचा शब्द म्हणजे बॉम्ब असतो, आणि तो पुष्कळदा नाम असतो. मराठीत शेवटी क्रियापद येऊन बसतं. बॉम्ब आधी फुटतो आणि शेपटाला ‘होता’ लोंबकळत राहतो. विनोद मेला. अनुवादित विनोदी पुस्तकं पुष्कळदा चावलेल्या उसासारखी लागतात त्याचं निम्मं कारण हे. पण रहस्यासाठी हीच रचना वरदान आहे. ‘अप्पा मरताना मला एवढंच म्हणाले, की खुनी या खोलीतच’ इथपर्यंत वाक्य आलं आणि अजून काहीही होऊ शकतं. आहे. होता. नव्हता. असेल असं वाटलं नव्हतं. मराठी वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत पत्ता उघडत नाही. ज्याला हे कळलं तो शेवटच्या क्रियापदावर हसवतो किंवा क्रियापद गाळूनच टाकतो. ‘नग चाळीस, ओले.’ तिथे ‘होते’ लिहिलं असतं तर मी हसलो नसतो, आणि फसलोही नसतो.

तुमच्या तक्रारीत तथ्य कुठे आहे तेही सांगतो. या प्रकारात वाईट पुस्तकांचा सुकाळ आहे. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत सगळ्यात नेहमीचा दोष म्हणजे सगळीच पात्रं मिश्कील. इन्स्पेक्टर कोट्या करतो, डॉक्टर कोट्या करतो, मढ्याला तेवढं बोलता येत नाही म्हणून वाचलं. अशा वेळी खरंच धडधड गळून जाते, कारण तिथे कोणालाच कशाची भीती नाही. आपल्याला हसू येतंय हे काकूंना माहीत नव्हतं. त्या मनापासून चिडल्या होत्या. जॉइसलाही आपण गमतीदार आहोत याचा पत्ता नाही. दुसरा दोष, मृताची टिंगल. मेलेला कितीही खडूस असो, त्याच्यासाठी कोणीतरी एक माणूस रडलेला दाखवायलाच हवा, नाहीतर खुनी कोण हे कळून तरी कोणाला काय करायचंय? आणि खुनी बावळट काढला की सगळंच संपलं. ऑस्मनबद्दलही माझी कुरबुर आहे: शेवटाकडे गुंते जरा जास्तच होतात, एक सुटला की दुसरा, आणि प्रकरणं इतकी तोकडी की बसकण मारेपर्यंत उठायची वेळ होते. त्यावर २०२५ मध्ये सिनेमाही आला, मोठमोठे नट घेऊन, पण रोजनिशीतली जॉइस पडद्यावर आणणं अवघडच.

तरी ते पुस्तक मी परत वाचलं ते कोड्यासाठी नाही. त्यात एलिझाबेथचा नवरा स्टीफन आहे, ज्याची स्मृती हळूहळू विरतेय. बुद्धिबळाचा पट मांडला की तो पुन्हा स्वतः होतो, बाकी वेळ एलिझाबेथ त्याच्याभोवती आडोसा धरून उभी असते. पेनी आहे, पूर्वीची पोलिस अधिकारी. जुन्या प्रकरणांच्या फायली तिच्याच होत्या, क्लब तिच्यामुळे सुरू झाला. आता ती शुश्रूषागृहात बेशुद्ध पडून आहे, आणि एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून तपास कुठवर आला ते सांगते, ऐकू जातं की नाही याची खात्री नसताना. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या गोष्टीत मारेकरी लागतोच असं नाही, जिन्याची एक पायरी पुरते. ही माणसं केकवर बोलतात ती खुनाचं गांभीर्य कळत नाही म्हणून नाही. वसाहतीच्या दाराशी वरचेवर रुग्णवाहिका येते आणि यावेळी कोणासाठी, हे सगळे पडद्याआडून बघतात. अशा ठिकाणी केकवर बोलायला धैर्य लागतं.

म्हातारपणाची आणखी एक गंमत कथानकाला उपयोगी पडते. सत्तरीपुढच्या बाईकडे कोणी नीट बघतच नाही. पोलिस तिच्यासमोर फाईल उघडी टाकून चहा आणायला जातात. आपल्याकडे बँकेत, रेशनच्या रांगेत, सोसायटीच्या सभेत हेच होतं. “आजी, तुम्ही बसा,” म्हणायचं आणि आजींच्या देखत सगळं बोलायचं. ज्या गोष्टीचा जगण्यात अपमान वाटतो तीच तपासात हत्यार होते.

तर माझं ऐकाल तर साठाव्या पानापासून नको, पहिल्यापासून सुरू करा. हातात पेन्सिल घ्या, आणि जिथे जिथे हसाल तिथे समासात एक बारीक टिंब द्या. धागेदोरे शोधू नका, नुसती टिंबं द्या. पुस्तक संपलं की परत जाऊन त्या प्रत्येक टिंबाच्या वरची आणि खालची ओळ वाचा. वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिल हलक्या हाताने चालवा, म्हणजे परत करताना खोडता येईल.